वास कोणाच्या घरचा

आमच्या बिल्डिंगचे अध्यक्ष दारात आले तेव्हाच त्यांच्या नाकाला रुमाल होता. आत या म्हटलं तर आले नाहीत. ज्या बादलीबद्दल तक्रार होती ती घराच्या पार मागच्या बाल्कनीत, झाकण घट्ट लावलेली, आणि हे गृहस्थ जिन्यापाशी उभे राहून रुमालातून बोलत होते.

"मॅडम, त्या तुमच्या बादलीचा वास साऱ्या बिल्डिंगमंदी येऊन राहिला. गच्चीवर तं उभं राहवत नाही."

"आत या, झाकण उघडून दाखवते. वास आला तर आजच फेकून देते," मी म्हणाले.

"पाहाची काही गरज नाही. तुमच्याकडे चालत असंन, पण इथं फॅमिलीवाले लोक राहतात."

आम्ही जणू सर्कशीतून उठून आलो होतो. मी विचारलं, "तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे?" तेव्हा त्यांची नजर आमच्या दारावरच्या धम्मचक्रावर जाऊन परत आली. "तसं नाही मॅडम, तुम्ही लगेच मनावर घेता," असं म्हणून ते जिना उतरले. खाली पोचेपर्यंत रुमाल नाकावरच होता. तिथे सगळ्या बिल्डिंगचा कचऱ्याचा डबा असतो. शिळा भात, डायपर, कोंबडीची हाडं, सगळं एकाच काळ्या पिशवीत, आणि वर माश्यांचा गोंगाट. त्या डब्याजवळ मात्र त्यांनी रुमाल काढून खिशात ठेवला. मी वरून कठड्यावरून बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ही बादली काय आहे ते सांगते, म्हणजे माझ्या रागाचं कारण कळेल. माझा नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. तिथल्या एका कृषी प्रदर्शनातून त्याने ती आणली. खाली तोटी असलेली, घट्ट झाकणाची साधी बादली. स्वयंपाकघरातला ओला कचरा बारीक करून तिच्यात टाकायचा, वरून मूठभर कोंडा भुरभुरायचा, दाबून हवा काढायची आणि झाकण लावायचं. कोंडा साधा नाही. गिरणीतून आणलेल्या गव्हाच्या कोंड्याला गूळ, ताक आणि तांदळाचं आंबवलेलं धुवण चोळून तो मुरवायचा आणि सावलीत वाळवायचा. बादली भरली की काही दिवस तशीच ठेवायची. आतला कचरा सडत नाही, आंबतो. खाली रस जमतो तो तोटीने काढून भरपूर पाण्यात मिसळून झाडांना घालायचा, आणि वरचा आंबलेला लगदा मातीत पुरायचा. अमरावतीच्या उन्हात त्याची माती व्हायला वेळ लागत नाही.

मी सरकारी दवाखान्यात औषधं देते. कुजणं आणि आंबणं यातला फरक मला शिकवावा लागत नाही. झाकण उघडलं तर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास येतो, आणि झाकण लावलं की तोही नाही.

आईला सुरुवातीला हे थेर वाटले. बाबा गेल्यावर मी तिला नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडच्या आमच्या गावाहून इथे घेऊन आले होते. बाबा शाळामास्तर, पण शेती आईनेच केली. आयुष्यभर काळ्या मातीत राबलेली बाई दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली आणि हातांना काम नाही म्हणून दिवसभर घासलेली भांडी पुन्हा घासत बसायची. बादली पाहून म्हणाली, "शिळ्याचं लोणचं घालून राहिली काय वं?" पुढे मी लगदा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत मातीत पुरून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवला. काही आठवड्यांनी तिने एका पोत्यात हात घातला, माती मुठीत दाबली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "हे तं आपल्या वावरासारखी झाली." त्या दिवसापासून बादली माझी राहिली नाही. माझं दाबणं तिला पटेना. ती वरवंट्याने दाबायची. कोंडा कमी पडला तर मला ओरडायची. पोत्यांत वांगी आली, मिरच्या आल्या आणि सांबार आला. पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो सांबार.

सांबाराच्या जुड्या घेऊन ती दारोदार गेली. बिल्डिंगमध्ये तिची ओळख झाली ती अशी. मी इतकी वर्षं त्या लोकांना जिन्यात 'काय म्हणता' विचारून पुढे जात होते. आईने एका पावसाळ्यात सगळ्यांची नावं, सुना, दुखणी पाठ केली. सगळ्यांनी सांबार घेतला. कोणी विचारलं नाही की कोणत्या मातीतला. विहार आमच्यापासून लांब, तिथे पौर्णिमेला किंवा रविवारीच जाणं होतं. बाकीचे दिवस तिची माणसं म्हणजे गच्चीवरच्या बायका.

आणि गच्चीवरच्या बायकांचा खरा मोसम उन्हाळा. आमच्याकडे कुरोड्या होतात. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून गाळून त्याचा चीक काढायचा, तो शिजवायचा आणि साच्यातून जुन्या पातळावर पाडून उन्हात वाळवायच्या. यातलं सगळ्यात अवघड काम चीक घाटण्याचं. आधणात चीक ओतला की हात क्षणभरही थांबता कामा नये. थांबला की गुठळ्या झाल्या, आणि खाली लागलं की सगळंच वाया. चीक घट्ट होत गेला की त्यात लाकडी चाटू फिरवायला मनगटात जोर लागतो. त्या बिल्डिंगमध्ये असा जोर एकाच बाईच्या मनगटात होता. आई आल्यापासून प्रत्येक घरच्या कुरोड्यांचा चीक तिनेच घाटला. खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांचा गच्चीवर शब्द चालतो, त्या तिला 'मावशी' म्हणून हाक मारायच्या आणि 'मावशींशिवाय आमचा उन्हाळा निघत नाही' म्हणायच्या. आई ते वाक्य घरी येऊन मला सांगायची. दरवेळी तेच, आणि दरवेळी तितक्याच आनंदाने.

त्या उन्हाळ्यात काकूंच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. सासरी द्यायच्या म्हणून कुरोड्या नेहमीपेक्षा खूप जास्त करायच्या होत्या. आई आठवडाभर आधीपासून तयारीत होती. आणि नेमके तेव्हा हे अध्यक्ष रुमाल लावून आले.

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीने गच्चीवर कोणत्याही प्रकारची घाण साठवू नये, गच्ची सर्वांची आहे, वगैरे. खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्या फ्रिजमध्ये त्या क्षणी आईने दिलेला सांबार होता त्यांचेही अंगठे त्यात होते. काकूंनी अंगठ्यासोबत हात जोडलेलं चित्रही टाकलं. मी लिहिलं, कोणीही यावं, झाकण उघडून वास घ्यावा. एकही जण आला नाही. अकोल्याहून नवऱ्याचा फोन आला, "काहून डोक्याले ताप करून घेतं? ठेव ना ते बादली बंद काही दिवस." मी त्यालाही झाडलं. बादलीला वास नाही म्हटल्यावर ती बंद कशासाठी ठेवायची, हे मला कोणी सांगेना.

वास होता, हे मात्र खरं. जिन्यात येत होता, माझ्याही नाकाला लागत होता. आंबट, कुबट, घशात बसणारा. मी दोनदा बाल्कनीत जाऊन गुडघ्यांवर बसून बादलीचं झाकण, तोटी, तळ हुंगला. तिथे काही नव्हतं. मी आईला विचारलं, "तुला गच्चीवर वास येतो का?" ती म्हणाली, "उन्हाळा हाये, येते कशाचा तरी." आणि तांदूळ निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना अध्यक्षांनी माणसं बोलावून गच्चीवरची पोती उचलली. वांग्याची झाडं फुलावर होती. मिरच्या तर लगडल्या होत्या. सगळं जिन्यातून ओढत खाली नेलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं. मी घरी आले तेव्हा जिनाभर मातीचा पट्टा होता आणि आई फडकं घेऊन आमच्या दारापुढची पायरी पुसत होती. ती सगळा वेळ घरी होती. तिच्या डोळ्यांदेखत नेलं होतं.

"मला फोन का नाही केला?"

"तू आली असती अन् भांडली असती."

"भांडायलाच पाहिजे होतं."

"मंग मले कोणी गच्चीवर येऊ देल्लं असतं काय?" ती म्हणाली. "काकूच्या कुरोड्या हायेत या हप्त्यात."

मी हातातली पिशवी आपटली. म्हटलं, तुझी माती कचऱ्यात टाकली, तुझी झाडं टाकली आणि तुला कुरोड्यांचं पडलंय. ती फडकं पिळून पुन्हा पुसायला लागली. काकू त्या दिवशी आमच्या दारावरून दोनदा वर-खाली गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी मान पलीकडे वळवली, हे मी पाहिलं आणि आईनेही पाहिलं.

पोती गेली, पण वास गेला नाही. उलट वाढला. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, आणि त्या आठवड्यात पाइपलाइन फुटल्यामुळे तोही आला नव्हता. लोक चिडलेले होतेच. ग्रुपवर नवा मेसेज आला की काही जणांनी अजूनही घरात कचरा साठवला आहे. काही जण म्हणजे मी. मला त्या 'काही जण'चीच जास्त चीड आली. समोर येऊन बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, आणि नाकाने कांदे सोलायचे.

मग मी शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं. नाकाच्या मागे गेले. वास आमच्या मजल्यावर कमी, त्याच्या वर जास्त, गच्चीच्या दारापाशी सगळ्यात जास्त. त्या दाराच्या अलीकडे, जिन्याच्या शेवटच्या चौकात, भिंतीला लागून एक मोठं पिंप होतं. वर ओलं फडकं, त्यावर लाकडी पाट. मी पाट उचलला आणि तोंड फिरवलं. आत गहू होते, फेसाळलेले, वर पिवळट साय धरलेले. मुलीच्या लग्नाच्या कुरोड्यांचे गहू. काकूंच्या घरात पिंपाला जागा नव्हती म्हणून ते वर नेऊन ठेवलं होतं. नळ नाही म्हणून पाणी बदललं नव्हतं, आणि वाटून गाळायलाही पाणी नाही म्हणून गहू मुदतीच्या पुढे तसेच आंबत पडले होते.

मी तिथूनच खाली हाका मारल्या. अध्यक्षांना, काकूंना, ज्यांचे अंगठे होते त्या सगळ्यांना. मला खूप मोठ्याने बोलायचं होतं आणि मी बोलले. चार-पाच जण आले. अध्यक्ष अर्थातच रुमाल लावून आले. मी म्हटलं, घ्या वास, हाच ना तो? त्यांनी वाकून पिंपात पाहिलं. आणि मग त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.

"अरे, हा तं गव्हाचा आहे," ते म्हणाले. हसले. "गव्हाचा वास तं येतेच."

काकू म्हणाल्या, "आता लग्नघरात गहू भिजणारच ना, मॅडम. हा काही घाण वास नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, लहानपणी आमच्या घरीही असाच यायचा, छान वाटायचं. आणि त्या सगळ्यांनी, ज्यांना काल गच्चीवर उभं राहवत नव्हतं, तिथेच पिंपाभोवती उभं राहून कोणाच्या आईच्या कुरोड्या किती पांढऱ्या व्हायच्या ते एकमेकांना सांगितलं. तोच जिना, तोच वास, तीच नाकं. माझ्या बादलीतही गव्हाचाच कोंडा होता. त्याला आंबवणारे जीवही यांच्या पिंपातल्या जिवांचेच भाऊबंद. पण तो वास आमच्या घरून येतो असं वाटलं तोवर ती घाण होती, आणि काकूंच्या घरून येतो असं कळल्याबरोबर ती लहानपणची आठवण झाली. मी विचारलं, "मग माझ्या आईच्या पोत्यांचं काय?" अध्यक्ष म्हणाले, "झालं ते झालं मॅडम, आता विषय कशाले वाढवता." आणि सगळे उतरून गेले. माफी हा शब्द त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून निघाला नाही.

मी घरी आले ती ओरडतच. आई पोळ्या करत होती. मी सांगितलं, वास गव्हाचा होता, काकूंच्या पिंपाचा.

आईने तव्यावरची पोळी उलटवली. म्हणाली, "मले मालूम होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "रोज झाडाले पाणी घालाले जात होती ना मी. पिंप काय दिसत नाही? पहिल्याच दिवशी वास आला. आंबलेला गहू मले समजत नाही काय?"

"आणि तू बोलली नाहीस? ती पोती नेत होते तेव्हाही?"

"बोलली असती तं काकूची इज्जत गेली असती चार लोकांत. पोरीचं लग्न हाये. मंग तिनं मले कधी बलावलं असतं का?" पोळी फुगली, तिने ती चिमट्याने काढली. "मातीचं काय वं, माती पुन्हा करता येते."

 मला तिचाही राग आला, आणि तो बाकी सगळ्यांच्या रागापेक्षा वेगळा होता, कारण तो कुठे काढावा ते कळत नव्हतं. ज्या मातीला तिने वावरासारखी म्हटलं होतं ती कचऱ्याच्या गाडीत चढताना तिने पाहिली. एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. ते वाक्य तिने गिळलं, कशासाठी, तर वर्षातून काही दिवस दुसऱ्याच्या आधणात चाटू फिरवायला मिळावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे नळ आला. ऊन चढल्यावर काकू दारात. रुमाल नव्हता, आवाज मधाळ. "मावशी, येता का? गहू धुतले चार पाण्यानं. चीक लय निघाला, कोणाचा हात चालत नाही."

मी पुढे झाले आणि म्हटलं, "ती येणार नाही."

आईने माझ्या खांद्याला हात लावून मला बाजूला केलं. पदर खोचला. काकूंना म्हणाली, "तुमी व्हा समोर, मी आलीच." काकू गेल्यावर मी तिचा हात धरला. "आई, नको जाऊस. त्यांना निदान एकदा तरी कळू दे."

"तुही नोकरी हाये, दवाखान्यात तुले माणसं भेटतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तुले राग परवडते, बाई. सकाळी निघते, संध्याकाळी येते. मले दिवसभर या चार भिंतीत कोण हाये?"

मी रजा टाकली होती. तिच्यामागे गच्चीवर गेले आणि दारात उभी राहिले, कोणाशी न बोलता. कोपरा रिकामा होता. पोती होती तिथे बायकांनी प्लास्टिक आणि त्यावर जुनं पातळ अंथरलं होतं, कारण गच्चीवर तेवढीच जागा सपाट होती. गॅसवर मोठं पातेलं. काकूंनी चीक ओतला आणि आई चाटू फिरवायला लागली. चीक घट्ट होत आला, तिच्या दंडाच्या शिरा वर आल्या. सगळ्या बायकांची नजर त्या चाटूवर होती. मला माहीत होतं की आता तिने फक्त हात थांबवला आणि 'माही माती कुठं टाकली' एवढं विचारलं, तर लग्नाच्या कुरोड्या जागच्या जागी गोळा होतील. तिलाही हे माहीत होतं. मी उन्हात उभी राहून वाट बघत होते की ती हात थांबवेल. मनातून तिला सांगत होते, थांबव.

तिने हात थांबवला नाही. चीक एकही गुठळी न होता काचेसारखा उतरला. काकू म्हणाल्या, "मावशींशिवाय आमचा उन्हाळा निघत नाही." बाकीच्या हसल्या. आईसुद्धा हसली.

दुपारी ती खाली आली. तळवे लाल झालेले. वाटीत गरम चीक, त्यावर तेल आणि तिखट, माझ्यासाठी आणलेला. मी हात लावला नाही.

"कोणी काही म्हणालं?"

"काय म्हणन?"

"पोत्यांबद्दल. मातीबद्दल."

"नाही." ती पंख्याखाली बसली, हात चोळत. मग तिचा चेहरा उजळला. "परवा वरच्या मजल्यावरच्या पोरीकडं शेवया हायेत. तिनं आपल्या तोंडानं बलावलं मले. म्हणे आजी, तुमी याच."

ती खूश होती. मनापासून खूश होती, आणि त्या आठवड्यात मला जेवढा राग आला होता त्या सगळ्यापेक्षा जास्त राग मला तेव्हा आला. माझ्या आईला किती थोडं पुरतं, हे त्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.